गंगाबाईंची फेरी

आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा चंदन आणि मी बोरगाव मेघेत गंगाबाई उईके यांच्या खोलीत किरायानं राहायला आलो. मी वर्ध्याला पोस्टात काउंटरवर बसते, चंदन रोज बुटीबोरीला कारखान्यात जातो. त्याआधी आम्ही वर्ध्यातच दुसऱ्या एका घरी होतो. तिथला मालक माणूस वाईट नव्हता, पण कुठलीही वस्तू पुरती मोडल्याशिवाय ती मोडायला आली आहे असं त्याला वाटायचंच नाही. मोरीचा नळ सात महिने ठिबकत होता. दर आठवड्याला सांगायचं आणि दर आठवड्याला त्यानं "पाहू" म्हणायचं. शेवटी एके दिवशी नळ माझ्या हातात आला. घरभर पाणी झालं, माहेरून आलेलं गव्हाचं पोतं भिजलं, आणि त्या दिवशी कुठं प्लंबरचं तोंड दिसलं.

म्हणून गंगाबाई खोली दाखवत असताना मी सगळ्यात आधी नळ सोडून पाहिला. त्या दारातच उभ्या होत्या. साठी ओलांडलेली, काटक, काळीसावळी बाई. हातावर जुनं हिरवं गोंदण.

"पाह्य, पाह्य," त्या म्हणाल्या. "सारे नळ सोडून पाह्य. अन् एक आधीच सांगून ठेवतो. मी दर तीन महिन्यानं घर पाह्यले येईन. दोन दिवस आधी इचारीन. तू म्हनशीन त्या टायमाले येईन. चालन का?"

मी हो म्हटलं, पण बाहेर आल्यावर चंदनला म्हणाले, "घरात डोकवायची सवय दिसते बाईंना."

"डोकवू दे," तो म्हणाला. "आपल्याकडं लपवायला आहे काय?"

पहिली फेरी महिन्याभरातच आली. गंगाबाईंनी सांगितल्याप्रमाणं दोन दिवस आधी विचारलं. मी रविवार सकाळ दिली. त्या आल्या, चपला बाहेर काढल्या. एका हातात लाकडी स्टूल, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत टॉर्च, पाना, नळाचे वायसर, पांढरी टेप, तेलाची लहान डबी आणि एक जुनं फडकं. मला वाटलं होतं, त्या भांड्यांची मांडणी पाहतील, देव्हारा पाहतील, चार प्रश्न विचारतील. त्यांनी त्यातलं काही पाहिलंच नाही. सरळ भिंतीपाशी गेल्या आणि बोटाच्या पेरानं खालून वरपर्यंत वाजवत निघाल्या. कपाटामागं तळवा टेकवला, मग तो तळवा नाकाशी नेला.

"हे कपाट चार बोटं पुढं घे. मागं हवा खेळत नाई. दिवाळीपर्यंत बुरशी धरन."

मोरीतला नळ चांगला होता. तरी त्यांनी तो उघडून आतला वायसर बदलला. मी म्हटलं, "मावशी, गळत नाही तो."

"गळून राह्यला असता तर तुह्या डोक्याले ताप झाला असता. आता नाई झाला."

खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल, मोरीच्या जाळीतले केस, बोर्डावर हात ठेवून तो गरम आहे का ते पाहणं, असं सगळं मिळून अर्धा तास. जाताना स्वतःच्या फडक्यानं जमीन पुसली. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. पुढच्या खोलीची वेळ झाली होती.

हळूहळू मला त्यांची हकीकत कळत गेली. माहेर कारंज्याकडच्या जंगलातल्या गावचं, गोंडाचं घर. बहिणीशी फोनवर त्या अजून गोंडीतच बोलतात. लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा नत्थू एका मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकत होता आणि या त्याच बांधकामावर रेजा, म्हणजे डोक्यावर माल वाहणारी मजूर. तीस वर्षं वर्धा, हिंगणघाट, नागपूर इथल्या इमारतींवर त्यांनी घमेली वाहिली. बोरगावात सगळीकडं शेतं होती तेव्हा दोघांनी हा प्लॉट घेतला आणि सुटीच्या दिवशी आपल्या हातानं एकेक खोली उभी केली. सहा खोल्यांना अकरा वर्षं लागली. सहावीचं छत झाल्यावर दोन वर्षांनी नत्थू वारले.

"घर कुठून खराब होतं, हे तुम्हाला कसं कळतं?" मी एकदा विचारलं होतं.

"लोकाइचे घरं बांधले ना मी," त्या म्हणाल्या. "मालात सिमेट किती अन् रेती किती, ते घमेलं डोक्यावर घेतलं का मानेले समजते. कुठं काय कमी टाकलं, कुठं पाईप वाकडा बसवून वरून पलस्तर मारलं, सारं पाह्यलं. मालक राह्यले आले का सहा महिन्यानं तिथूनच फुटे. तवाच नत्थूले म्हनलं होतं, आपल्या घरात असं होऊ द्यायचं नाई. झालं तर माणसाले समजाच्या आधी आपल्याले समजलं पाह्यजे."

त्यांना लिहिता येत नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चित्रं काढत. टाकी धुवायच्या तारखेला थेंब, विजेच्या कामाला नागमोडी रेघ, गच्चीचं पाहायचं तेव्हा चौकोन, होळीनंतरच्या आठवड्यात पंख्याचं फूल. हे फूल म्हणजे कूलर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय जीव राहत नाही, आणि पत्र्याच्या कूलरनं दरवर्षी कुणाकुणाला शॉक लागतो, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पंप पाण्यात, बॉडी पत्र्याची, हात ओला. म्हणून होळी झाली की गंगाबाई गोपाल नावाच्या वायरमनला घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत. खस बदलायची, पंप तपासायचा, वायरी पाहायच्या, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी आणि मीठ घालायचं.

त्या वर्षी पाच खोल्यांचं काम दोन दिवसांत झालं. राहिली दोन नंबरची खोली, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेली. तिथं सदाशिवराव राहायचे.

सदाशिवराव पुलगावच्या कापड गिरणीत फिटर होते. बायको गेल्यावर दोन वर्षांपूर्वी इथं येऊन एकटेच राहिले. मुलगी रीता नागपूरला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. उंच, ताठ माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं कमी. दिवाळीपासूनच्या फेऱ्यांना त्यांनी काही ना काही कारण सांगून दार उघडलं नव्हतं. गंगाबाई विचारायला गेल्या तेव्हा मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते. सदाशिवरावांनी दार वीतभरच उघडलं.

"माह्या कूलरचं मी पाह्यतो, गंगाबाई. तीस वर्षं लूम दुरुस्त केले. आता पंप बसवाले मले मानूस लागते का?"

"तुमाले येते, हे मले मालूम हाय, भाऊ. गोपाल फक्त तार पाह्यते."

"नको म्हनलं ना."

दार लागलं. गंगाबाई काही क्षण तिथंच उभ्या राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी कडीला लटकलेलं कुलूप हातात घेतलं, पाहिलं, आणि सोडलं. नंतर खोलीला वळसा घालून मागच्या खिडकीकडं गेल्या. तिथं लोखंडी स्टँडवर त्यांचा कूलर होता. मीही तांदूळ ठेवून मागं गेले.

"मावशी, घर तुमचं आहे," मी म्हटलं. "त्यांना सांगा, उघडावंच लागेल. शॉक लागला तर तुमच्यावरच येईल."

"घर माह्यं हाय," त्या म्हणाल्या. "राह्यनं त्याइचं हाय. जबरदस्तीनं आत गेली तर दार उघडन, मानूस नाई उघडनार." मग कूलरच्या खालची जमीन त्यांनी पायाच्या अंगठ्यानं दाबली. चिखल झाला होता. भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत ओल चढली होती. "टाकी भरून वाह्यते, तरी पाईप बंद करत नाई हे. काऊन?"

"विसरत असतील."

"विसरनारा मानूस नाई तो. अन् कुलूप पाह्यलं का तू? दिवाळीले घेतलेलं कुलूप हाय. भोकाच्या भवती किती ओरखडे हायेत, पाह्यजो जाऊन."

मी जाऊन पाहिलं. चावीच्या छिद्राभोवती पितळ खरवडून पांढरं पडलं होतं. कुणीतरी दिवसातून कितीदा तरी चावी इकडंतिकडं टोचून छिद्र शोधत होतं. मी त्या कुलपासमोरून रोज जात होते. सकाळी आणि संध्याकाळी. दोन महिन्यांपासून त्यांचा पेपर बंद आहे, हेही मला तेव्हाच आठवलं.

"त्यांना दिसत नाही की काय?" मी हळूच विचारलं.

गंगाबाईंनी ओठावर बोट ठेवलं. "आपन नाई बोलाचं. त्याइले बोलू दे. पन तोपर्यंत त्याइले काही होऊ नाई द्यायचं."

त्या दुपारी त्यांनी गोपालला परत बोलावलं. आतलं सदाशिवरावांचं, पण बाहेरचं आपलं, असा त्यांचा हिशेब होता. बाहेरच्या मीटरबोर्डावर दोन नंबरच्या लाइनला एक वेगळा स्विच बसवला. कुठं करंट गळू लागला की तो आपोआप खाली पडतो. मग त्या पुन्हा दारापाशी गेल्या.

"भाऊ, कूलरच्या पायाले बाहेरून अर्थिंगची तार बांधतो. आत हात लावत नाई."

आतून आवाज आला, "बांधा. मीच बांधनार होतो."

तार बांधली गेली. त्यानंतर महिनाभर काहीच झालं नाही. फक्त संध्याकाळी सदाशिवरावांचा पाईप सुरू झाला की गंगाबाई मागच्या अंगणात काहीतरी काम काढायच्या आणि टाकी भरत आली की मोठ्यानं म्हणायच्या, "भाऊ, भरत आली बरं का! माह्या भाजीवर पानी येऊन राह्यलं." तिथं भाजी कुठली? चार मिरचीची रोपं होती. पण पाईप बंद व्हायचा, आणि सदाशिवरावांना कुणी मदत करतंय असं वाटायचं नाही.

मे महिन्यातला रविवार. दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आमचा कूलर चालू होता आणि चंदन झोपला होता. भिंतीपलीकडचा घरघर आवाज एकदम थांबला. थोड्या वेळानं सदाशिवरावांचं दार उघडलं, चपला फरफटत मीटरबोर्डाकडं गेल्या. खट् आवाज आला. पुन्हा घरघर, आणि लगेच पुन्हा शांतता. असं तीनदा झालं. मी बाहेर आले तेव्हा ते घामानं निथळत बोर्डावर हातानं चाचपडत होते.

"माह्याच खोलीची लाइन जाऊन राह्यली," ते चिडून म्हणाले. "हा कोनता खेळना बसवला इथं?"

मागच्या आपल्या खोलीतून गंगाबाई आल्या. "भाऊ, आता स्विच उचलू नका. त्यानं काहीतरी पकडलं असन. गोपालले बोलावतो."

"कायले? मी पाह्यतो."

"तुमी पाह्याच. गोपाल आला का तुमी त्याले सांगजा, तो हात चालवन. दोघाइचं काम हाय."

सदाशिवराव बोर्डापासून बाजूला झाले. गोपाल जवळच राहायचा, पंधरा मिनिटांत आला. आणि आम्ही इथं आल्यापासून पहिल्यांदा दोन नंबरचं दार माझ्यासमोर पूर्ण उघडलं.

खोली स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की वस्तू मांडल्यासारख्या नाही, रोवल्यासारख्या वाटत होत्या. सगळं हाताच्या अंतरावर, एका रेषेत. पण जवळून पाहिलं तर ओट्यावर सांडलेली हळद तशीच होती. गॅसच्या बटणाजवळ ओट्याची कड काळी पडलेली. उशाजवळ गोळ्यांची पाकिटं रबरानं बांधलेली, एकाला एक रबर, दुसऱ्याला दोन.

गोपालनं प्लग काढला, कूलरची बाजूची ताटी सोडवली. मी टॉर्च धरला होता. पंपाची वायर मधे तुटलेली होती आणि जोडलेली होती. जोडावर काळी टेप नव्हती. जखमेवर लावतात ती दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी होती. पाण्यानं ती सैल होऊन लोंबत होती आणि आतली उघडी तार पत्र्याला लागलेली होती.

गोपालनं माझ्याकडं पाहिलं, मी गंगाबाईंकडं. तो जोड कुणी केला हे सगळ्यांना समजलं होतं. तीस वर्षं गिरणीत ज्याचा हात चालला, त्याला काळी टेप आणि पांढरी पट्टी यातला फरक दिसला नव्हता.

"नवीन वायर टाक," गंगाबाई गोपालला एवढंच म्हणाल्या. "पंपापासून प्लगपर्यंत सरळ. मधे जोड नको."

सदाशिवराव खाटेवर बसले होते. "काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

गोपालनं खरं ते सांगितलं, जपून. "पट्टी सैल झालती, काका. तार बॉडीले लागली. त्या स्विचनं लाइन पाडली म्हनून बरं. तुमी हात लावला असता तर..."

"कोनती पट्टी?"

गोपालनं ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी ती चोळून पाहिली. नाकाशी नेली. दवाखान्याचा वास आला असणार. मग घडी करून ती उशाशी ठेवली.

"मले दिसत नाई, गंगाबाई," ते म्हणाले. "दिवाळीपासून. आधी धुकं होतं. आता मानूस दिसते, चेहरा दिसत नाई."

गंगाबाई खाली जमिनीवर बसल्या. "हो," त्या म्हणाल्या.

"तुमाले मालूम होतं?"

"कुलपावरून समजलं."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"तुमी दार लावलं होतं, भाऊ."

ते हसल्यासारखे झाले. "डोळे गेलेल्या मानसाले किरायानं कोन ठेवते? मले वाटलं, तुमी रीताले फोन करसान. ते येईन, मले घेऊन जाईन. तिच्या घरी वाईट नाई कोनी. पन तिथं मी दिवसभर तिसऱ्या मजल्यावर बसून काय करू? इथं अंगन हाय. इथं मले पावलं मालूम हायेत. दारापासून नळ अकरा पावलं."

मला वाटलं, गंगाबाई आता त्यांची समजूत घालतील. त्यांनी तसं काही केलं नाही. टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि खोलीत फिरू लागल्या. पायरीची कड, मोरीचा उंबरठा, स्विचबोर्ड, गॅस, सगळं पाहिलं. मग म्हणाल्या, "पायरीची कड पांढऱ्या रंगानं मारून देतो. टाकीत बॉलकॉक बसवतो, भरली का पानी आपोआप बंद होईन. कूलरच्या बटनाले शर्टाचं बटन चिकटवतो, बोटाले समजन. गॅसचं बटन बंद हाय का चालू, तिथंबी एक. एवढं आजचं झालं." त्या थांबल्या. "पन हे घराचं झालं. डोळ्याचं मी नाई करू शकत. त्यासाठी दवाखाना हाय."

"इलाज नसन तर?"

"तर पांढरा रंग हायच. पन तपासल्याबिना कसं समजन? तुमी मशीन उघडल्याबिना भंगारात टाकत होते का?"

सदाशिवराव खाटेवरून उठले. मग म्हणाले, "रीताले सांगू नका."

"मी नाई सांगत. तुमी सांगसान. पन तिनं मले इचारलं तर मी खोटं नाई बोलनार."

त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून काम केलं. चंदननं बॉलकॉक बसवला, मी बटणं चिकटवली. गंगाबाईंनी स्वतः वाकून पायरीची कड रंगवली, एका सरळ रेषेत. सदाशिवराव दारात उभे राहून सूचना देत होते. बॉलकॉक किती उंचीवर बसवायचा याबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर निघालं, चंदनचं चुकलं.

सोमवारी मी रजा टाकून त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. गंगाबाईही बरोबर आल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकलाय. ऑपरेशननं दिसायला लागेल. सदाशिवरावांनी डॉक्टरांना तोच प्रश्न तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा तेच उत्तर ऐकलं. बाहेर बाकावर येऊन त्यांनी माझा फोन मागितला आणि रीताला स्वतः सांगितलं.

रीता दुसऱ्या दिवशी आली ती रागानंच. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. बापाला सहा महिने दिसत नाही आणि शेजारचे लोक गप्प आहेत, हे ऐकून कुणालाही राग येईल. तिनं गंगाबाईंना अंगणातच गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं, मावशी. एक फोन करायचा होता. करंट लागून ते गेले असते तर?"

"लागू नये म्हनून जेवढं माह्या हातात होतं तेवढं केलं, बाई," गंगाबाई म्हणाल्या. "पन तुमचं खरं हाय. महिनाभर मीबी जागीच होतो. आपन बरोबर करून राह्यलो का चूक, रोज वाटे. तुमच्या बाबाइनं दार लावलं होतं. तोडून आत गेली असती तर त्याइनं दुसरीकडं खोली पाह्यली असती. तिथं कोनी कुलूप पाह्यलं नसतं."

रीताला हे पटलं नाही. ती म्हणाली, ऑपरेशन झालं की बाबांना घेऊन जाईन, खोली सोडू. गंगाबाई म्हणाल्या, "तुमी बाप-लेक ठरवा."

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, खाली वाकायचं नाही, धूळ नको, म्हणून रीता आठ दिवस इथंच राहिली. त्या आठ दिवसांत तिनं ते घर वापरलं. नळ पहिल्या वळणाला बंद होतो. मोरीत पाणी साचत नाही. रोज सकाळी गंगाबाई दाराबाहेरूनच विचारतात, "काही त्रास?" आणि "नाही" म्हटलं तर निघून जातात. चौथ्या दिवशी कूलरचा पंखा आवाज करू लागला, म्हणजे अगदी थोडा. रीतानं सहज बोलून दाखवलं. दुपारी गोपाल तेल घालून गेला.

संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर चहा प्यायला बसली. "माझ्या नागपूरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं छत एक वर्षापासून गळतंय," ती म्हणाली. "मालक म्हणतो, वरच्यांना सांगा. वरचे म्हणतात, मालकाला सांगा. मी बादली ठेवते." मग ती हसायला लागली. "बाबांना तिथं नेऊन बादलीशेजारी बसवणार होते मी."

पट्टी निघाली त्या दिवशी सदाशिवराव अंगणात खुर्चीवर बसले होते. काळा चष्मा उचलून त्यांनी आधी रीताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला म्हणाले, "तू वर्षाली होय? मले वाटलं, तू जाडी झाली असशीन. पायाचा आवाज भारी हाय तुह्या." रीता ओरडली, मी मात्र पोट धरून हसले. शेवटी त्यांनी गंगाबाईंकडं पाहिलं. त्या गळणारा माठ पालथा घालून चीर शोधत होत्या. सदाशिवरावांनी उठून दोन्ही हात जोडले. गंगाबाई एकदम लाजल्या. "बसा, बसा," म्हणाल्या, "वाकू नका, डॉक्टरनं सांगतलं ना."

खोली सुटली नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दसऱ्याच्या आधी झालं, आणि रीता आता महिन्यातून एकदा येते.

दिवाळीनंतरच्या फेरीत एक नवीन गोष्ट झाली. गंगाबाई आमच्याकडं आल्या तेव्हा त्यांच्यामागं सदाशिवराव होते, हातात गिरणीच्या काळातली पान्यांची पेटी. आता ते प्रत्येक फेरीत असतात, आणि प्रत्येक फेरीत दोघांचं भांडण होतं. गंगाबाई बिजागरीला तेल घालतात, हे म्हणतात तेल वाहून जातं, ग्रीस लावा. त्या म्हणतात ग्रीसनं धूळ धरते. आम्ही किरायेदार मधे पडत नाही.

सहाही खोल्यांतून कुणी निघत नाही. मागच्या महिन्यात गुंजन नावाची नर्सिंगची मुलगी खोली विचारायला आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, राहायचं तर तिथं राहा. गंगाबाईंनी सांगितलं, रिकामी नाही.

"मग कधी होईल?" तिनं विचारलं.

"आमी मेल्याशिवाय नाई," सदाशिवराव खुर्चीतूनच म्हणाले.

मुलगी घाबरून दोन पावलं मागं सरली. गंगाबाईंनी त्यांच्याकडं डोळे वटारून पाहिलं आणि तिला थांबवलं. गच्चीकडं मान वर करून जरा वेळ काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "तुह्यं कॉलेज कवा सुरू होते? जूनमधी? तोपर्यंत वर एक खोली होईन. पाह्यले येजो."

आता गच्चीवर काम चालू आहे. मिस्त्री बाहेरचा आहे, पण माल गंगाबाईंच्या डोळ्यांसमोर कालवला जातो. पहिल्याच दिवशी त्यांनी एक घमेलं उचलून डोक्यावर घेतलं, दोन पावलं चालल्या, खाली ठेवलं आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "अजून एक पावडं सिमेट टाक." मिस्त्रीनं टाकलं. सदाशिवराव खालून ओरडत होते की पाण्याचे पाईप भिंतीत गाडू नका, बाहेरून घ्या, उद्या दुरुस्त करायचं तर भिंत फोडावी लागणार नाही. बाहेरून घेतलेला पाईप चांगला दिसत नाही, असं मिस्त्रीचं म्हणणं होतं.

यावर गंगाबाई पहिल्यांदाच सदाशिवरावांच्या बाजूनं बोलल्या. "दिसू दे," त्या म्हणाल्या. "दिसलाच पाह्यजे."